थेंबाथेंबाचें व्याज

शाळेंत मी सरळव्याज शिकवीत असें, तेव्हां एखादा मुलगा हटकून विचारी, "मास्तर, व्याज पैशाहूनही कमी आलें, तर तें कोणाचें?" मी हंसून उत्तर टाळीत असें. अमेरिकेंत मात्र वकिलांनीं व पेढ्यांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधलें आहे.

तेथें घरखरेदीची रक्कम, तडजोडीचे पैसे, कोर्टाची फी असा अशिलाचा पैसा कांहीं दिवस वकिलाच्या हातीं राहतो. तो स्वतःच्या पैशांत मिसळण्याची वकिलाला सक्त मनाई आहे. मोठी रक्कम दीर्घकाळ राहावयाची असेल, तर तिचें स्वतंत्र खातें उघडून व्याज अशिलालाच देतात. परंतु ५०० डॉलर एक आठवडा ठेवले, तर शेंकडा २ दरानें व्याज होतें अवघें १९ सेंट; निराळ्या खात्याचा खर्चच त्याहून अधिक! म्हणून अशा किरकोळ रकमा एका सामाईक खात्यांत ठेवतात. त्यांत सदैव ५०,००० डॉलर राहिले, तर वर्षाला १,००० डॉलर व्याज उभें राहतें.

प्रत्येक अशिलाचा हिशेब वकील ठेवतो. पेढी एकंदर शिलकेवर व्याज धरते, वाजवी खर्च त्या व्याजांतून वळता करते आणि उरलेली रक्कम दरमहा वा दर तिमाहीस राज्याच्या विधिसाहाय्य निधीकडे पाठविते. अनेक राज्यांत इतर ठेवीदारांच्या तोडीचा दर या खात्यांसही देण्याचें बंधन आहे. खात्यांत पैसा कमी पडून चेक वटला नाहीं, तर पेढी वकिलांच्या शिस्तमंडळास कळविते.

ही पद्धति अमेरिकेंत १९८१ सालीं प्रथम फ्लॉरिडांत सुरू झाली. आज ती सर्व ५० राज्यांत आहे. पण दुसऱ्याच्या पैशाचें व्याज परस्पर घेणें न्याय्य काय? १९९८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें व्याज अशिलाच्याच मालकीचें ठरविलें. २००३ मध्यें ५ विरुद्ध ४ मतांनीं निर्णय झाला, कीं ज्याच्या पदरीं एरव्हीं कांहींच पडलें नसतें, त्याचें नुकसान शून्य. म्हणून भरपाईही शून्य.

२००८ नंतर व्याजाचे दर कोसळले आणि निधि आटला. नेमकीं त्याच वेळीं हजारों कुटुंबें घरें गमावीत होतीं. बाजाराच्या दरावर भिस्त, हा या योजनेंतील दोष खरा. तथापि घराबाहेर काढली जाणारी विधवा किंवा नवऱ्याच्या मारापासून संरक्षण मागणारी स्त्री हिच्यासाठीं जो वकील उभा राहतो, त्याच्या वेतनांत कोणा अनोळखी अशिलाचे ते १९ सेंट असूं शकतात. आतां कोणी तो प्रश्न विचारला, तर मी उत्तर टाळणार नाहीं.