छत गळलं आणि झोन जन्मला!

माहीत आहे का? बास्केटबॉलचा झोन डिफेन्स चक्क गळक्या छतातून टपकला, असं सांगतात! साल १९१४. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं ब्रिस्टल गाव. जिमचं छत गळतंय, फरशी निसरडी झालीय आणि पोरं आपापल्या माणसामागे धावताना धपाधप आपटतायत. कॅम हेंडरसन नावाच्या कोचने हे पाहून ठेवलं आणि पोरांना सांगितलं की माणसामागे पळणं सोडा, आपापली जागा धरून उभे राहा. झाला झोन तयार! पाऊस काय फक्त भातालाच उपयोगी पडतो?

जागा धरून उभं राहायची ही कला बघायची असेल तर अमेरिकेचं तिकीट नको. गुहागर तालुक्यातलं अंजनवेल गाठा!

वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पलीकडच्या तीरावर दाभोळ आणि अलीकडे टेकाडावर गोपाळगड. दाभोळच्या खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या किल्ल्याच्या नजरेखालून जायचं. रिंगखाली पाय रोवून उभा असलेला सेंटर आठवा. तस्साच!

आणि माहीत आहे का? या गडाचा डिफेन्स मालकागणिक सुधारत गेला. मूळ किल्ला आदिलशाहीच्या काळातला. १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि मजबूत केला. १६९९ मध्ये सिद्दी खैर्यतखानाने तो काबीज केला आणि नंतर खाली समुद्राच्या बाजूला पडकोटाची भर पडली. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून गड हिसकावला, त्याला गोपाळगड हे नाव दिलं. वरचा बालेकिल्ला त्यांचाच, असं मानतात. मग आले पेशवे आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज. आंग्र्यांपर्यंतच्या प्रत्येक नव्या कोचने आधीच्याचं काम न मोडता त्यावर एक थर चढवला.

गडावर गेलात तर खंदक नक्की बघा. तो आहे जमिनीच्या बाजूला! समुद्राकडे उतार आहे, पाणी आहे, तिथून चढणं मुळातच जड. धोका सपाटीकडून, म्हणून खोदकाम तिकडे. कॉलेजच्या टीमला डिफेन्स शिकवणारा कोणताही कोच पहिल्या आठवड्यात नेमकं हेच सांगतो. साइडलाइन आणि बेसलाइन तुमच्याच बाजूने खेळतात, त्यांना फुकटचे डिफेंडर समजा. समोरच्याला तिकडे रेटा. मधला रस्ता मात्र बंद म्हणजे बंद!

किल्ल्याच्या आत पुढे आंब्याची बाग बहरली, हा बोनस पॉइंट.

अंजनवेलचा आणखी एक डिफेंडर थेट समुद्रात उभा आहे. इथल्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनलमध्ये कितीतरी वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नसे. कारण? लाटा अडवणारा बंधारा, म्हणजे ब्रेकवॉटर, पुरा झालेला नव्हता. अरबी समुद्रासारखा फॉरवर्ड अंगावर येत असेल तर कोट्यवधींचं टर्मिनलही जूनमध्ये बेंचवर बसतं!

चला, आता थेट कोर्टात. वकील नको, शूज घाला!

माहीत आहे का, बास्केटबॉलच्या पहिल्यावहिल्या सामन्याचा स्कोअर किती होता? १-०! डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथ सरांचा वर्ग. अठरा विद्यार्थी, एका बाजूला नऊ, पीचच्या दोन टोपल्या आणि पूर्ण खेळात एकच बास्केट. इतका कडक डिफेन्स पुन्हा होणे नाही!

रिंगमागचा तो बोर्ड कशासाठी आला, सांगा बरं? शॉट आपटून आत जावा म्हणून? छे! टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला टांगलेल्या असायच्या. वर बसलेले प्रेक्षक हात खाली घालून समोरच्या टीमचा बॉल उडवून लावायचे. त्या उत्साही फॅन्सना आवरायला मध्ये आडोसा उभा केला, तोच आजचा बॅकबोर्ड. म्हणजे बास्केटबॉलमधले पहिले शॉट ब्लॉकर तिकीट काढून आले होते!

आता झोप उडवणारा, खरं तर झोप आणणारा रेकॉर्ड. २२ नोव्हेंबर १९५०, अमेरिकेची व्यावसायिक लीग एनबीए. फोर्ट वेन पिस्टन्स १९, मिनियापोलिस लेकर्स १८. अख्ख्या सामन्याचे दोघांचे मिळून ३७ पॉइंट! लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा धिप्पाड सेंटर होता. त्याच्या हाती बॉल लागूच नये म्हणून पिस्टन्सनी बॉल नुसता धरून ठेवला. कॉलेजवालेही मागे नाहीत. डिसेंबर १९७३ मध्ये टेनेसीने टेंपलला हरवलं, ११-६ ने! तो बास्केटबॉल होता की फुटबॉल?

या रटाळपणावरचं औषध गणिताच्या वहीतून आलं. डॅनी बायसोन नावाच्या टीममालकाने हिशेब मांडला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. रंगतदार सामन्यात दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात. भागाकार करा: २४! १९५४ पासून एनबीएत २४ सेकंदांचं घड्याळ टिकटिकू लागलं. डिफेन्सलाही त्यातून नवं लक्ष्य मिळालं. २४ सेकंद तग धरा, बॉल तुमचा!

आपल्या कबड्डीत चढाईला ३० सेकंद. सहा सेकंद जास्त, पण दम घोटायला तेवढे पुरतात!

'सर, आमची पोरं बुटकी आहेत हो,' ही तक्रार कुठल्या कॉलेजच्या मैदानावर ऐकू येत नाही? त्यावर पहिला उतारा: १९६३-६४ ची यूसीएलए. जॉन वुडन यांच्या या कॉलेज टीममध्ये सुरुवातीच्या पाचांतला एकही खेळाडू ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच नव्हता. अमेरिकन कॉलेजच्या मोजमापात ही पोरं बुटकीच! त्यांनी काय केलं? रिंगखाली वाट बघत बसण्याऐवजी अख्ख्या कोर्टभर झोन प्रेस लावला. बॉल आत टाकल्याक्षणी दोघे अंगावर, पास सुटला की तिसरा हजर. हंगामाचा निकाल: ३० सामने, ३० विजय, फायनलमध्ये ड्यूकवर ९८-८३. तो हंगाम धरून बारा हंगामांत यूसीएलएची दहा विजेतेपदं!

दुसरा उतारा, जरा छोट्या साइजमध्ये. मग्सी बोग्ज, उंची ५ फूट ३ इंच, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत बुटका खेळाडू. त्याने १९९३ मध्ये सात फुटी पॅट्रिक यूइंगचा शॉट ब्लॉक केला! शॉट वर जाण्याआधीच, बॉल खाली असतानाच हात घातला. आणि एनबीएमध्ये सर्वाधिक स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले बॉल, कोणाच्या नावावर? जॉन स्टॉकटन, ३२६५. उंची ६ फूट १ इंच. असा मुलगा तुमच्या गल्लीतही सापडेल!

उंचांनाही न्याय देऊ. माहीत आहे का, बास्केटबॉलमधला सर्वांत थोर डिफेंडर बिल रसेल याच्या नावावर अधिकृत ब्लॉक किती? शून्य! १३ हंगामांत ११ विजेतेपदं जिंकणारा हा माणूस १९६९ मध्ये निवृत्त झाला आणि एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेलची खासियत ऐका. तो बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे, हलकेच आपल्याच साथीदाराकडे ढकलायचा. ब्लॉकचा ब्लॉक, पासचा पास! कॉलेजात असताना त्याचा दरारा इतका की रिंगसमोरचा रंगवलेला पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद करावा लागला. नियम बदलायला लावतो, तो खरा खेळाडू!

आता ती गोष्ट, जी प्रत्येक कॉलेज टीमने भिंतीवर लावावी. मार्च २०१८. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया, अमेरिकेतली अव्वल मानांकित टीम, डिफेन्ससाठी नावाजलेली. राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत समोर सोळावं मानांकन असलेली यूएमबीसी. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या टीम अव्वलांशी १३५ वेळा भिडल्या होत्या आणि १३५ वेळा हरल्या होत्या. १३६ वी वेळ? व्हर्जिनिया ५४, यूएमबीसी ७४! जगभर छी-थू झाली. कोच टोनी बेनेट यांनी डिफेन्सची पद्धत फेकून दिली नाही. वडील डिक बेनेट यांच्याकडून आलेला 'पॅक लाइन' त्यांनी घट्ट धरून ठेवला: एकजण बॉलवर दबाव टाकणार, बाकी चौघे रिंगपासून साधारण १६ फुटांच्या काल्पनिक रेषेच्या आत दाटीने उभे. बरोब्बर पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेती! फायनल ओव्हरटाइममध्ये, टेक्सास टेकवर ८५-७७.

बारा-तेरा महिन्यांत हसं ते विजयाचा हार! या खेळातला यापेक्षा भारी कमबॅक शोधून दाखवा.

विमान आता मुंबईकडे वळवू. माहीत आहे का, मुंबईची स्वतःची एनबीए आहे? नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन! बच्चूखान मैदान आणि शेजारची मस्तान वायएमसीए, या चिमुकल्या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निघाले. इथलाच अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार घेऊन आला. दाटीवाटीच्या वस्तीतलं कोर्ट, चारी बाजूंना माणसं. तिथे खेळाडू जागा चोरायला आपोआप शिकतो. अमेरिकेतली एनबीए मुंबईत यायला मात्र ऑक्टोबर २०१९ उजाडलं. वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सनी सॅक्रामेंटो किंग्जना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असं एका पॉइंटने हरवलं. त्या सामन्यात डिफेन्स सुट्टीवर होता!

डिफेन्स ड्युटीवर बघायचाय? कबड्डीची फायनल लावा. १ मार्च २०२४, हैदराबाद: पुणेरी पलटण २८, हरियाणा स्टीलर्स २५. प्रो कबड्डीचा पहिला करंडक पलटणकडे आला. त्या हंगामात सर्वाधिक टॅकल पॉइंट कुणाचे? पलटणच्याच मोहम्मदरझा शादलूचे, आणि तो इराणी!

इराणवरून आठवलं. थोडं थांबून वाचा, कारण डिफेन्स कसा उभा राहतो याचं माझ्या मते सर्वांत झणझणीत उदाहरण महाराष्ट्राच्याच घरातलं आहे. महिलांची कबड्डी एशियाडमध्ये २०१० साली आली. २०१० चं सुवर्ण भारताचं, २०१४ चंही भारताचं. २०१८ ला जकार्तामध्ये फायनलला समोर इराण. निकाल: इराण २७, भारत २४. आणि इराणच्या बाकावर कोच म्हणून कोण बसलं होतं? नाशिकच्या शैलजा जैन! परका देश, परकी भाषा, तरी त्यांनी मुलींकडून योग आणि प्राणायाम करून घेतले, खेळाला शिस्त आणली आणि विजेत्यांना रोखणारी टीम घडवली. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या सेमीफायनलमध्येही इराणने भारताला २७-१८ असं थोपवलं. सुवर्ण हुकल्याचं दुःख एका बाजूला, पण नाशिकच्या बाईंना सलाम ठोकायलाच हवा!

खो-खोला विसरलो तर वाचक माझ्या पाठीवर 'खो' देतील. जगातल्या किती खेळांत नुसतं न सापडणं हाच डिफेन्स असतो? इथे तिघांची तुकडी पळते, हुलकावते, खांबाला वळसा घालते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला आणि दोन्ही करंडक भारताचे. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर. दोघंही महाराष्ट्राचे!

आता मुद्द्याचा मसाला. कोकणातल्या कॉलेजची बास्केटबॉल टीम शाळेपासून कबड्डी-खो-खो खेळलेल्या मुलामुलींची असते. खाली वाकून उभं राहणं, आडवं सरकणं, एका हुलकावणीने न फसणं हे त्यांच्या पायात आधीच आहे. कबड्डीत दोघांनी हात धरून साखळी केली की एकाच्या हालचालीवर दुसरा हलतो. बास्केटबॉलच्या 'शेल ड्रिल'मध्ये चार डिफेंडर प्रत्येक पासबरोबर नेमके असेच एकत्र सरकतात, फक्त हात सुटे! माझं ठाम मत आहे की शूटिंगला वर्षं लागतात, डिफेन्स एका हंगामात पालटतो. त्याला ना महागडी जिम लागते, ना सहा फुटी उंची.

दोन झटपट टिप्स, कोच लोकांच्या पोतडीतून. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नका, कंबरेकडे बघा. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर मात्र जिकडे जायचं तिकडेच जाते! आणि तोंड बंद ठेवू नका. 'बॉल!', 'हेल्प!', 'स्विच!' अशी आरडाओरड चालू असलेली टीम ऐकूनच ओळखता येते. मुक्या डिफेन्सला कोणीही भेदतं.

टीम सुधारतेय हे मोजायचं कसं? फक्त खाल्लेले पॉइंट मोजलेत तर फसाल! समजा पहिल्या सामन्यात समोरच्यांना बॉलचे ६० डाव मिळाले आणि त्यांनी ६० पॉइंट केले. दुसऱ्यात डाव ८० आणि पॉइंट ७०. वरवर दुसरा सामना वाईट दिसतो. शंभर डावांमागे हिशेब करा: पहिल्यात १००, दुसऱ्यात ८७.५. डिफेन्स झकास सुधारलाय! वही-पेन घेऊन बेंचवरचा राखीव खेळाडूही हे काम करू शकतो.

जाता जाता एक नियम, जो टीव्हीवर एनबीए बघणाऱ्यांना हमखास चकवतो. तिथे डिफेंडरला कोणालाच न धरता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळता येत नाही. आपल्याकडच्या, म्हणजे फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत डिफेंडरवर असं बंधन नाही. तुमचा उंच भिडू खुशाल तिथे तळ ठोकून बसू दे!

आता तुमच्यासाठी काम. जवळच्या कॉलेजात पुढचा सामना असेल तेव्हा जा आणि पहिली पाच मिनिटं बॉलकडे बघूच नका. ज्याच्याकडे बॉल नाही त्याला अडवणाऱ्या पोराकडे किंवा पोरीकडे बघा, आणि त्यांनी पास तोडला की पहिली टाळी तुमची वाजू द्या.