तीन चतुर्थांशांची अट
पलाऊ या छोट्या देशाने अण्वस्त्रांविरुद्ध दिलेला १५ वर्षांचा लढा

फिलिपाइन्सच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात, पलाऊ नावाचा देश आहे. बेटे तीनशेहून जास्त, पण त्यांतल्या बहुतेकांवर माणूस राहत नाही. सगळी जमीन एकत्र केली तरी ती बृहन्मुंबईपेक्षा कमी भरते. लोकसंख्या आज १८ हजारांच्या घरात आहे आणि १९८० च्या दशकात ती जेमतेम १५ हजार होती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या या लोकांनी १९७९ मध्ये आपली राज्यघटना लिहिली. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. त्या घटनेत त्यांनी एक कलम घातले : अण्वस्त्रे, रासायनिक आणि जैविक अस्त्रे, अणुवीज केंद्रे आणि त्यांचा कचरा यांचा वापर, चाचणी, साठवण किंवा विल्हेवाट पलाऊच्या हद्दीत करता येणार नाही. करायचीच असेल तर नेमक्या याच प्रश्नावर सार्वमत घ्यावे लागेल आणि झालेल्या मतदानापैकी तीन चतुर्थांश मते बाजूने पडावी लागतील. असे कलम असलेली ही जगातली पहिली राज्यघटना.

हे कलम पेलताना त्या समाजाचे काय झाले, याची हकिगत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. अणुधोरणाचा आपला सगळा विचार पोखरण, चगाई, मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्याभोवती फिरतो. ज्यांच्याकडे बॉम्ब नाही आणि ज्यांना तो नकोच आहे, अशा देशांनाही अणुधोरण ठरवावे लागते. बहुतेकदा त्यासाठीची किंमत त्यांना बलाढ्यांपेक्षा जास्त मोजावी लागते.

पलाऊवर आधी स्पेनची सत्ता होती. स्पेनने १८९९ मध्ये ही बेटे जर्मनीला विकली. पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये जपानने ती घेतली आणि पुढे कोरोर गावात आपल्या साऱ्या पॅसिफिक प्रदेशाची राजधानी थाटली. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४४ या काळात पेलेलिऊ या लहानशा बेटावर अमेरिका आणि जपान यांच्यात झालेली लढाई पॅसिफिक युद्धातल्या सर्वांत भीषण लढायांपैकी एक मानली जाते. तिथे दहा हजारांवर जपानी सैनिक मेले, अमेरिकेचे सुमारे अठराशे. दोन परक्या सत्तांची ही लढाई पलाऊच्या लोकांच्या घरादारांवर आणि अळूच्या वाफ्यांवर लढली गेली. संरक्षण या विषयावरचे त्यांचे पहिले शिक्षण हे असे झाले.

दुसरे शिक्षण शेजाऱ्यांकडून मिळाले. युद्धानंतर १९४७ मध्ये पलाऊ, मार्शल बेटे आणि आसपासचे द्वीपसमूह संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त योजनेखाली अमेरिकेच्या ताब्यात गेले. जगात असे ११ विश्वस्त प्रदेश होते. त्यांत ‘सामरिक’ ठरवलेला हा एकटाच. त्यामुळे त्याचे भवितव्य आमसभेऐवजी सुरक्षा परिषदेच्या हाती राहिले आणि तिथे अमेरिकेला नकाराधिकार होता. लोकांना स्वराज्याकडे नेण्याची जबाबदारी ज्याने स्वीकारली होती, त्याच विश्वस्ताने १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांतल्या बिकिनी आणि एनेवेताक इथे ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ च्या ‘ब्राव्हो’ चाचणीची ताकद हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट होती. राँगेलाप बेटावरच्या लोकांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली. त्यांना दूर नेले, तीन वर्षांनी परत आणून वसवले, आणि शेवटी १९८५ मध्ये त्या लोकांनी स्वतःहून आपले बेट सोडले.

‘ब्राव्हो’नंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. जगातल्या कुठल्याही सरकारप्रमुखाने अशी जाहीर मागणी करण्याची ती सुरुवात होती. मार्शल बेटांवरच्या माणसांचे दुःख तेव्हा दिल्लीपर्यंत पोहोचले होते, ही नोंद आपण विसरता कामा नये.

तेव्हा पलाऊच्या घटनाकारांनी कुठल्या पुस्तकी आदर्शापायी ते कलम लिहिले नव्हते. ज्या झेंड्याखाली राँगेलापचे लोक भाजले, त्याच झेंड्याखाली तेही राहत होते. शिवाय १९७० च्या दशकात तिथे महाकाय तेलवाहू जहाजांसाठी बंदर बांधण्याची योजना पुढे आली होती आणि तिला लोकांनी कडाडून विरोध केला होता. आपली जमीन आणि आपला समुद्र दुसऱ्याच्या सोयीसाठी वापरला जाणार, ही धास्ती ताजी होती. म्हणूनच परकीय सत्तेच्या लाभासाठी सरकारने जमीन ताब्यात घेऊ नये, अशीही तरतूद घटनेत आली.

अमेरिकेला हे मानवण्यासारखे नव्हते. आपल्या कोणत्या जहाजावर अण्वस्त्रे आहेत हे सांगायचे नाही, होही म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही, हे तिच्या नौदलाचे ठरलेले धोरण. पलाऊचे कलम मान्य केले तर उद्या दुसरेही तसेच म्हणतील, ही भीती खोटी नव्हती. पुढे १९८५ मध्ये न्यूझीलंडने एका अमेरिकी विनाशिकेला बंदरात येऊ दिले नाही, तेव्हा वॉशिंग्टनने त्या जुन्या मित्रदेशाशी असलेले लष्करी करारसंबंध तोडले. त्यात फिलिपाइन्समधले सुबिक आणि क्लार्क हे तळ आज ना उद्या हातचे जातील, असे दिसू लागले होते. पर्याय म्हणून पलाऊचे मलाकाल बंदर, विमानतळ आणि बाबेलदाओब बेटावरची ३० हजार एकर जंगलजमीन सरावासाठी राखून ठेवायची होती.

मग सुरू झाला मतदानाचा खेळ. ९ जुलै १९७९ रोजी ९२ टक्के लोकांनी घटना मंजूर केली. अमेरिकेच्या आक्षेपांनंतर मसुदा बदलून ऑक्टोबरमध्ये पुन्हा मांडला गेला, तो लोकांनी फेटाळला. १९८० च्या जुलैत मूळ मसुदा तिसऱ्यांदा मतदानाला आला आणि ७८ टक्के मतांनी संमत झाला. १ जानेवारी १९८१ पासून घटना लागू झाली. हारुओ रेमेलिक पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

स्वातंत्र्याची वाट मात्र अमेरिकेशी होणाऱ्या ‘मुक्त सहयोग करारा’तून जात होती. पलाऊने आपला कारभार आणि परराष्ट्र संबंध स्वतः पाहावेत. संरक्षण अमेरिकेने करावे. त्या बदल्यात इतर कुठल्याही देशाच्या सैन्याला या समुद्रात थारा मिळू नये आणि पलाऊला मोठे अर्थसाहाय्य मिळावे, असा तो सौदा. अण्वस्त्रवाहू जहाजांचा प्रश्न त्यात येत असल्यामुळे घटनेप्रमाणे ७५ टक्के मते हवी होती. फेब्रुवारी १९८३ मध्ये कराराला ६२ टक्के मते पडली. अण्वस्त्रांच्या वेगळ्या प्रश्नावर जेमतेम ५३. १९८४ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा अपुरी मते. फेब्रुवारी १९८६ मध्ये ७२ टक्के! सरकारने करार संमत झाल्याचे जाहीर करून टाकले. कोरोरचे परंपरागत प्रमुख इबेदुल युताका गिबन्स न्यायालयात गेले आणि तीन चतुर्थांश म्हणजे तीन चतुर्थांशच, असा निकाल घेऊन आले. डिसेंबर १९८६, जून १९८७... मतपेट्या येत राहिल्या, ७५ चा आकडा येईना.

या टप्प्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण १९८७ चा उत्तरार्ध हा या साऱ्या कहाणीचा गाभा आहे.

पलाऊत नोकरी म्हणजे मुख्यतः सरकारी नोकरी, आणि सरकारचा पैसा म्हणजे अमेरिकेचा पैसा. त्यातच एका वीजकेंद्रासाठी काढलेले ३.२ कोटी डॉलरचे कर्ज अंगावर आले होते. तिजोरी रिकामी झाल्याचे सांगून सरकारने सुमारे ९०० कर्मचाऱ्यांना घरी बसवले. संतापलेले कर्मचारी कायदेमंडळासमोर ठाण मांडून बसले. करार संमत झाला तर पैसा येईल, पगार सुरू होतील, हा संदेश प्रत्येक घरात पोहोचला. मग एक नवी क्लृप्ती निघाली : आधी घटनाच दुरुस्त करायची, या करारापुरते साधे बहुमत पुरेसे ठरवायचे आणि लगेच करारावर मत घ्यायचे. ऑगस्ट १९८७ मध्ये दोन्ही मतदाने झाली आणि दोन्हींत ७३ टक्के मते मिळाली.

या दुरुस्तीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या म्हाताऱ्या बायका. पलाऊचा समाज मातृवंशीय आहे. जमिनीचा वारसा आईकडून येतो, आणि कुळाचा प्रमुख पुरुष असला तरी त्याला निवडण्याचा आणि पदावरून उतरवण्याचा अधिकार कुळातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा. गाब्रिएला न्गिरमांग या अशाच एक ज्येष्ठ मातबर स्त्री. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दुरुस्ती रद्द करण्यासाठी खटला भरला. त्यानंतर धमक्या सुरू झाल्या. न्गिरमांग यांच्या घरावर आगीचा बॉम्ब टाकला गेला. ७ सप्टेंबर १९८७ च्या रात्री अण्वस्त्रविरोधी वकील रोमन बेडोर यांचे वडील बेडोर बिन्स यांची गोळ्या घालून हत्या झाली. स्त्रियांनी खटला मागे घेतला. भीतीपोटी घेतलेली ही माघार न्यायाधीशांच्याही नजरेतून सुटली नाही.

आणि तरीही १९८८ मध्ये त्यांनी तो पुन्हा दाखल केला. घरावर बॉम्ब पडल्यानंतर, एक मृत्यू झाल्यानंतर, साठी-सत्तरीच्या बायकांनी राज्यघटनेतले एक कलम वाचवण्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी, याला धैर्याशिवाय दुसरा शब्द नाही. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : घटनादुरुस्तीची रीत पाळली गेली नव्हती, म्हणून दुरुस्तीही रद्द आणि तिच्या आधारावर झालेले मतदानही.

या वर्षांत पलाऊचे दोन राष्ट्राध्यक्ष बंदुकीच्या गोळीने गेले. रेमेलिक यांचा ३० जून १९८५ रोजी खून झाला. त्यांच्या नंतरचे लाझारस सालिई, ज्यांनी स्वतः कराराच्या वाटाघाटी केल्या होत्या, ते २० ऑगस्ट १९८८ रोजी मृतावस्थेत सापडले. ती आत्महत्या असल्याचा निष्कर्ष निघाला. या दोन्ही मृत्यूंचा थेट संबंध अण्वस्त्रांच्या कलमाशी जोडणारे लेखन पुष्कळ झाले आहे. मला ते पटत नाही. तसा पुरावा नाही. पण १५ हजारांच्या समाजावर दशकभर असा ताण ठेवला तर तो समाज आतून पिळवटून निघतो, एवढे नक्की.

फेब्रुवारी १९९० मध्ये सातव्यांदा मतदान झाले. बाजूने ६१ टक्के. मते आता वाढायच्या ऐवजी घटत होती. तोवर शीतयुद्धच संपले. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेने सुबिक सोडले, पण पलाऊत नवा तळ उभारण्याची निकड तिला उरली नव्हती. त्याच महिन्यात, या वेळी रीतसर सार्वत्रिक निवडणुकीबरोबर, घटनादुरुस्ती ६२ टक्के मतांनी झाली. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी आठव्या मतदानात ६८ टक्के लोकांनी करार स्वीकारला. १ ऑक्टोबर १९९४ रोजी पलाऊ स्वतंत्र झाला. जगातला शेवटचा विश्वस्त प्रदेश संपला आणि संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त परिषदेचे कामही थांबले.

या आठ मतदानांना मी लोकेच्छेचा विजय म्हणणार नाही. ‘नाही’ हे उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, दरम्यान पगार अडलेले, आणि एकदा ‘हो’ मिळाले की प्रश्न कायमचा मिटला असे जाहीर करायचे, ही संमती मिळवण्याची न्याय्य पद्धत नव्हे. आठ वेळा विचारण्याचा हक्क एकाच बाजूला होता.

पण या लढ्यातून काहीच पदरात पडले नाही, असे म्हणणेही चूक ठरेल. कराराच्या १९८६ च्या सुधारित मसुद्यात अमेरिकेला लिहून द्यावे लागले की ती पलाऊत अण्वस्त्रे वापरणार नाही, त्यांची चाचणी घेणार नाही, ती साठवणार नाही आणि त्यांची विल्हेवाटही लावणार नाही. अण्वस्त्रवाहू किंवा अणुशक्तीवर चालणारी जहाजे आणि विमाने नेण्या-आणण्याची मुभा, आणि त्यांवर काय आहे ते न सांगण्याची मुभा, तिने राखली. एवढी सवलत मिळाली ती तीन चतुर्थांशांच्या अटीमुळे. साध्या बहुमताची अट असती तर १९८३ मध्येच सारे आटोपले असते.

आज पलाऊला स्वतःचे सैन्य नाही. तिथली मुले-मुली अमेरिकेच्या सैन्यात भरती होतात. देशाने तैवानला मान्यता दिलेली आहे, त्यामुळे चीनशी तणाव आहे, आणि तीस वर्षांपूर्वी बाजूला पडलेले लष्करी नकाशे पुन्हा उघडले गेले आहेत. अमेरिकेने २०२२ मध्ये तिथे क्षितिजापलीकडचे टिपणाऱ्या रडारच्या बांधकामाचे कंत्राट दिले. पेलेलिऊची महायुद्धकालीन धावपट्टी दुरुस्त झाली आहे. राष्ट्राध्यक्ष सुरँगेल व्हिप्स यांना पेट्रियट क्षेपणास्त्रांची बॅटरी हवी होती. पलाऊच्याच सिनेटने त्याविरुद्ध ठराव केला. २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कराराच्या नूतनीकरणाला मंजुरी दिली : २० वर्षांत ८८.९ कोटी डॉलर. व्हिप्स यांची बाजू सरळ आहे. आम्ही नको म्हटले तरी युद्धात आमची बेटे कुणी सोडणार नाही, मग निदान छत्र तरी असू द्या. पेलेलिऊचा इतिहास पाहता हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. पण रडार उभे राहिले की ते पहिले लक्ष्य होते, हे विरोधकांचे म्हणणेही त्याच इतिहासातून आले आहे. मला दुसरी बाजू जास्त खरी वाटते.

आपल्यापुरते बोलायचे तर, २०१४ मध्ये मार्शल बेटांनी नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, त्यांत भारतही होता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने ९ विरुद्ध ७ मतांनी अधिकारक्षेत्र नसल्याचा भारताचा आक्षेप मान्य केला. १९५४ मध्ये ज्यांच्यासाठी आपण बोललो, तेच लोक साठ वर्षांनी आपल्याला जाब विचारायला उभे होते. त्या खटल्याची आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. निदान आता व्हावी.

पलाऊने अण्वस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारावर २०१७ मध्ये सही केली आणि मे २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. भारतासह एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही. आणि १९९२ ची ती घटनादुरुस्ती मुक्त सहयोग करार आणि त्याचे पूरक करार यांच्यापुरतीच आहे, इतर कशासाठीही नाही. बाकी प्रत्येक बाबतीत अण्वस्त्रांना पलाऊत प्रवेश द्यायचा असेल, तर तीन चतुर्थांश मतांची अट आजही कायम आहे.