उत्तराआधीचा प्रश्न

बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या परिसरात मराठी, कन्नड आणि दखनी एकमेकींत सहज मिसळतात. इथल्या एखाद्या शेतकऱ्यानं मोबाइल तोंडाशी धरून विचारलं, ‘तूर वाळायलीय, काय फवारू?’ तर या चार शब्दांना उत्तरापर्यंत पोचायला केवढा प्रवास करावा लागतो, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

असाच प्रवास ‘जुगलबंदी’नं प्रत्यक्ष घडवून दाखवला. सरकारी योजनांची माहिती देणारी ही व्हॉट्सॲपवरची सोय एप्रिल २०२३ मध्ये हरियाणातल्या बिवान गावात सुरू झाली. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’नं घडवलेलं भाषातंत्र तिच्यामागे होतं. माणूस आपल्या भाषेत बोलतो. त्या आवाजाचा मजकूर होतो, मजकुराचं इंग्रजी होतं, साठवलेल्या माहितीतून कामाचा भाग शोधला जातो. मग त्यावरून यंत्रानं रचलेलं उत्तर त्याच्याच भाषेत परततं आणि कानावर पडतं. नवं ॲप शिकायला नको, टंकायला नको. ज्या व्हॉट्सॲपवर लेकरांशी बोलणं होतं, तिथंच सरकारी योजनाही कळते. माणूस केंद्रस्थानी ठेवायचा म्हणजे काय, त्याची ही पहिली पायरी.

पण या साखळीत पहिल्या कडीला ऐकण्यात चूक झाली, तर ती पुढं शेवटापर्यंत जाते. शिवाय उत्तर रचणारं यंत्र शेत पाहत नाही. अफाट मजकुरातून शिकलेल्या घडणीवरून ते एकामागून एक संभाव्य शब्द मांडत जातं. त्यामुळं बरोबर आणि चूक, दोन्ही उत्तरं ते सारख्याच सफाईनं देतं. ऐकणाऱ्याला फरक कळायचा कसा?

तुरीचंच पाहा. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं हे पीक या मातीशी जोडलेलं. तुरीवरचा मर रोग मातीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळं येतो. ती मुळांतून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते. मग पानांवर काहीही फवारलं तरी पैसा वाया. रोगाला तोंड देणारा वाण, पिकाची फेरपालट, ज्वारीचं आंतरपीक हे खरे उपाय, तेही पुढच्या हंगामासाठी. पण तूर पाणी साचूनही वाळते आणि लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून चांगल्या यंत्रानं औषधाचं नाव सांगण्याआधी उलट विचारावं: पाणी साचलं होतं का? झाडं सखल भागातलीच वाळतायत का? खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात का? उत्तर कोणत्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून आलं तेही सांगावं, आणि उमगत नसेल तर ‘कृषी सहायकाला दाखवा’ म्हणावं.

आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा यंत्रांच्या रचनेसाठी सहा तत्त्वं मांडली. माणसाचा विश्वास यंत्राच्या कुवतीएवढाच राहावा आणि यंत्र चुकणार हे धरूनच रचना करावी, ही त्यांतली दोन. प्रयोगशाळेत ती ऐकायला साधी वाटतात. शेताच्या बांधावर मात्र त्यांचा हिशेब रुपयांत होतो, कारण चुकीच्या फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. ज्याला चुकीची किंमत मोजावी लागते, त्याच्या बोलीत, त्याच्या शिवारात आणि त्याला सोबत घेऊनच हे यंत्र आधी पारखलं गेलं पाहिजे.