पुस्तकांचं बिऱ्हाड

परीक्षा संपली, निकाल लागला, की मे महिन्यात गल्लोगल्ली एक दृश्य हमखास दिसतं. दारात टेम्पो उभा. त्यात गाद्या, कपाट, पाण्याचं पिंप, तुळशीची कुंडी आणि सगळ्यात वर उलटी ठेवलेली खुर्ची. कुणाच्या बाबांची बदली झालेली असते, कुणाच्या भाड्याच्या खोलीची मुदत संपलेली असते, तर कुणी हक्काच्या घरात राहायला निघालेलं असतं. आणि या सगळ्या धांदलीत एक वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतंच, "एवढी पुस्तकं कुठे वाहून नेता? रद्दीत घाला!"

असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांवर लगेच रुसू नका हं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. पुस्तकं जड असतातच. किती जड, ते तुम्हीच करून बघा. वाण्याकडे जाताना गोष्टीचं एक पुस्तक बरोबर न्या आणि काट्यावर ठेवायला सांगा. दीड-दोनशे पानांचं साधं पुस्तक अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे चार पुस्तकांचा झाला एक किलो. घरात ४०० पुस्तकं असली, तर झाले १०० किलो! कागद म्हणजे लाकडाचा लगदा दाबून दाबून सपाट केलेला. त्यामुळे पुस्तकांनी गच्च भरलेलं खोकं, तेवढ्याच मापाच्या पाण्याने भरलेल्या डब्यापेक्षा थोडंसंच हलकं असतं. आणि पाण्याची घागर दोन जिने चढवताना काय होतं, हे तुमच्या आईला विचारा.

फार पूर्वीपासूनची ही अडचण आहे, बरं का. दहाव्या शतकात इराणमध्ये साहिब इब्न अब्बाद नावाचा एक विद्वान वजीर होऊन गेला. दूरच्या बुखारा शहरातल्या राजाने त्याला आपल्या दरबारी बोलावलं, तेव्हा त्याने नकार कळवला. का? तर म्हणे, नुसती माझी पुस्तकं आणायची तरी ४०० उंट लागतील! गोष्ट सांगणाऱ्यांनी त्यात थोडं मीठमसाला घातला असेलही. तरी एक हिशेब करून पाहा. एक उंट दीडशे किलो ओझं नेतो असं धरलं, तर ४०० उंटांवर किती किलो पुस्तकं झाली?

पण पुस्तकांच्या बिऱ्हाडाची मला सगळ्यात चटका लावणारी हकीकत वाटते, ती आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. खर्चाला बेताचेच पैसे, त्यातूनही घरी पाठवायचे. तरी पोटाला चिमटा काढून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं घेत राहिले. तिथे त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१६ साली ते पुढच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. एवढा पसारा बरोबर नेणं शक्य नव्हतं. म्हणून ती पुस्तकं भारतात पोचवण्यासाठी त्यांनी एका स्नेह्याच्या हवाली केली. त्यातली काहीच पुढे त्यांच्या हाती लागली.

लंडनमध्ये पुन्हा नव्याने पुस्तकं जमली. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. बाबासाहेब एका बोटीने निघाले आणि त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने. पुस्तकांच्या बोटीवर जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडला आणि ती बोट समुद्राच्या तळाशी गेली. जरा विचार करा, उपाशी राहून घेतलेलं एकेक पुस्तक, त्यात केलेल्या खुणा... सगळं गेलं. सामान वेगळं पाठवणं हे तेव्हा काही आडवाटेचं नव्हतं, पुष्कळ प्रवासी तसं करत. तरीही आमच्या घरी पुस्तकांची खोकी टेम्पोत चढली, की घरातलं कुणीतरी त्याच टेम्पोत पुढे बसतंच. हा नियम मी केलाय, आणि बाबासाहेबांची ही हकीकत वाचल्यावरच केलाय.

बाबासाहेब १९२० मध्ये लंडनला परत गेले, राहिलेला अभ्यास त्यांनी पुरा केला आणि पुस्तकंही पुन्हा जमवायला लागले. मुंबईत त्यांचं बिऱ्हाड परळच्या चाळीत होतं, दोन खोल्यांचं. माणसंच दाटीने राहायची, तिथे पुस्तकांना जागा कुठली? शेवटी १९३० नंतरच्या चार वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधलं. प्राचीन मगधाच्या राजधानीवरून त्याचं नाव ठेवलं 'राजगृह'. हे घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी केला होता! कुटुंब खालच्या मजल्यावर, आणि वर ग्रंथालय नि अभ्यासाची जागा. त्यांचा संग्रह पुढे सुमारे पन्नास हजारांवर गेला असं सांगतात. ही पुस्तकंही एका जागी राहिली नाहीत. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं आणि त्यांच्या संग्रहातली कितीतरी पुस्तकं त्या ग्रंथालयात गेली, विद्यार्थ्यांच्या हाती. मुंबईला गेलात तर राजगृह बाहेरून तरी जरूर बघा. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तूही ठेवलेल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे कुठली पन्नास हजार! खरंय. पण शंभर पुस्तकांचा प्रश्नसुद्धा सोपा नसतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली. गावातलं ऐसपैस घर सोडून शहरात दोन खोल्यांत जायचं होतं. तिच्या आजोबांकडे तीन कपाटं भरून पुस्तकं होती. पोथ्या, जुने दिवाळी अंक, कादंबऱ्या, शेतीची पुस्तकं. वडील म्हणाले, एकच कपाट न्यायचं. आजोबा काही बोललेच नाहीत, नुसते जेवणावरून उठले. ही पोरगी चौथीतली! तिने शंभर पानी वही घेतली आणि आजोबांपुढे बसली. एकेक पुस्तक हातात घ्यायचं, नाव लिहायचं आणि विचारायचं, "आजोबा, हे कुठून आणलंत?" आठ दिवस हेच चाललं. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती निघाल्या. वाळवीने पोखरून चाळण केलेली काही निघाली. काही तर आजोबांनी दुसऱ्यांची आणून परत द्यायचीच राहिली होती! यादी झाल्यावर आजोबांनी आपणहून तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. अर्ध्याहून जास्त पुस्तकं गावच्या वाचनालयात गेली. उरली ती मात्र एका कपाटात मावेनात. वडिलांनी वही चाळली आणि म्हणाले, "बरं, दोन कपाटं."

वाचनालयात द्यायचं असेल, तर आधी ग्रंथपालांना विचारा. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि लहान लहान गावांतही वाचनालयं आहेत, पण त्यांच्याकडेही जागा मोजकीच असते. फाटकी गाईडं नि गेल्या वर्षीच्या व्यवसायमाला त्यांच्या दारात नेऊन टाकू नका. ती खुशाल रद्दीत घाला. सगळाच छापील कागद काही पुस्तक नव्हे!

आणि आईबाबांनो, एक विनंती तुम्हालाही. मुलांची पुस्तकं मुलं शाळेत गेलेली असताना निवडू नका. प्रत्येकाला एकेक खोकं द्या. त्यात ज्याने-त्याने काय भरायचं, ते कुणी विचारायचं नाही.

बांधाबांध करताना मोठं खोकं घेण्याचा मोह टाळा. टीव्हीच्या खोक्यात पुस्तकं भरली तर ते उचलताना बूड फाटून पुस्तकं तुमच्या पायावर येतील. साबणाची, औषधांची लहान खोकी किराणा दुकानात किंवा औषधाच्या दुकानात मागितली की मिळतात. तुम्हाला स्वतःला उचलता येईल एवढंच एक खोकं भरा. पुस्तकं आडवी ठेवा, जड नि मोठी खाली, हलकी वर. उभी ठेवायची तर सरळ उभी, तिरकी नकोत, बांधणी खिळखिळी होते. कोपऱ्यातल्या फटीत जुनी वर्तमानपत्रं किंवा मोजे कोंबा. सुतळीचा गठ्ठा बांधणार असाल, तर वर-खाली पुठ्ठा घाला, नाहीतर सुतळी पानांत रुतते. खोक्याचा नंबर झाकणावर नाही, बाजूवर लिहा. एकावर एक खोकी ठेवली की झाकण दिसतच नाही! वहीत लिहा : खोकं ७ – चरित्रं, शब्दकोश, आईची पाककृतींची वही.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर असलं आणि लिफ्ट नसली तर? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात २०१८ साली एका पुस्तकांच्या दुकानाला जवळच्याच दुसऱ्या जागेत जायचं होतं. त्यांनी लोकांना हाक दिली आणि दोनशेहून जास्त माणसं आली. रस्त्याच्या कडेने रांग लावून त्यांनी हातोहात पुस्तकं नव्या दुकानात पोचवली. आपल्याकडे विहीर साफ करताना घमेली देतात ना, अगदी तशीच. जिन्यात थोड्या थोड्या अंतरावर एकेक मूल उभं केलं, तर सात-आठ दोस्तांत दीडशे पुस्तकं बघता बघता वर जातात. मध्येच कुणीतरी पुस्तक उघडून वाचत बसतं आणि रांग तुंबते, तेवढं धरून चालायचं.

नव्या घरात कपाट लावताना ते भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. मे महिन्यात कोरडीठाक दिसणारी भिंत जुलैत ओल धरते आणि मागच्या मागे पुस्तकांना बुरशी येते. खोकी उघडल्यावर पुस्तकं कडक उन्हात टाकू नका, पानं पिवळी पडतात. सावलीत, वाऱ्यावर झटका. कसर दिसली तर ते पुस्तक दोन दिवस वेगळं ठेवा. कपाटात वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवायची आजीची पद्धत आहेच. आणि सगळ्या खोक्यांच्या आधी एकच खोकं उघडायचं, जे टेम्पोत सर्वांत शेवटी चढवलं होतं. त्यात पहिल्या रात्री वाचायचं पुस्तक आणि बॅटरी असू द्या. नव्या घरात पहिल्याच दिवशी दिवे लागतीलच असं नाही.