रस्त्यावरील चित्रकला : शरदांतील बोरीबंदर

आश्विन उजाडला म्हणजे मुंबईवरील मेघांचें सावट हळूहळू दूर होतें. चार महिने धुऊन निघालेलें आकाश निर्मळ दिसूं लागतें, उन्हाला धार येते आणि इमारतींच्या सावल्या रेखून काढल्यासारख्या रस्त्यावर पडतात. जलरंगांत काम करणाऱ्यास हा काळ फार अनुकूल होय. तथापि आपले हौशी चित्रकार या दिवसांत बहुधा कोंकणाची किंवा घाटमाथ्याची वाट धरतात. ज्या स्टेशनावर ते गाडींत बसतात, तें स्टेशनच उत्तम चित्रविषय आहे, हें त्यांच्या ध्यानांतही येत नाहीं.

बोरीबंदरचेंच उदाहरण घ्या. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ सालीं बांधावयास घेतलेली व दहा वर्षांनीं पुरी झालेली तेथील इमारत आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नांवानें ओळखली जाते. २००४ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. समोर त्याच स्थापत्यविशारदानें उभारलेलें महापालिकेचें भवन, आणि मध्यें बसगाड्या, टॅक्सी व माणसें यांचा अखंड ओघ! १८५७ सालीं स्थापन झालेलें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट येथून पायीं थोड्याच मिनिटांच्या वाटेवर आहे. तेथें शिकलेले व पुढें तेथेंच शिकविणारे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठीं चित्रें काढलीं. तेव्हां शहरांतील लोकजीवन हा विषय आपल्या चित्रकलेस परका नव्हे.

“पण गाडी आपल्यासाठीं थोडीच थांबणार?” अशी शंका कोणी काढील. गाडी थांबत नाहीं हें खरें. परंतु एक बस गेली कीं तशीच दुसरी येते. म्हणून प्रथम इमारत, रस्ता व आकाश यांची पेन्सिलीनें हलकी आंखणी करावी. सावल्या सरकत असतात, यास्तव त्यांच्या कडा आरंभींच नोंदवाव्या. बसगाडीचीं चार-पांच लहान टिपणें वहींत निराळीं करावीं, म्हणजे तिची उंची शेजारच्या माणसाच्या कितीपट आहे तें कळतें. मग योग्य जागीं पुढची बस येतांच ती चित्रांत बसवावी. माणसांविषयीं एक सोपा नियम आहे. आपण उभ्यानें चित्र काढीत असलों, तर सपाट रस्त्यावरील जवळच्या व दूरच्या प्रौढ माणसांचीं डोकीं साधारण एकाच रेषेवर येतात. दूरच्यांचे पाय मात्र वर सरकतात. एवढें सांभाळलें तर गर्दी आपोआप मागेंपुढें दिसूं लागते.

जलरंगांत पांढरा म्हणजे कोरा कागद. बसच्या टपावरील चकाकी प्रथमपासूनच राखून ठेवावी लागते, कारण रंग भरल्यावर ती परत आणणें कठीण. बस तांबडी खरी, पण सर्वत्र सारखी तांबडी नसते. उन्हांतील बाजू किंचित् नारिंगी, तर सावलींतील बाजू निळसर झांक असलेली दिसते. पावसाळ्यांत कागद वाळतां वाळत नाहीं. आश्विनांत मात्र उन्हाच्या तावानें रंग चटकन सुकतो. त्यामुळें मोठा कुंचला व भरपूर पाणी घ्यावें. कागद सावलींत असावा. उन्हांत तो डोळे दिपवितो, हात नकळत रंग गडद लावतो, आणि घरीं आल्यावर चित्र काळवंडलेलें दिसतें. दुपारनंतर स्टेशनच्या दर्शनी बाजूवर ऊन येतें. तेव्हां पादचाऱ्यांची वाट न अडवितां एका कडेस उभें राहावें. दोन तासांत काम आटोपावें, कारण तेवढ्यांत प्रकाश पार बदलतो.

हा खटाटोप कशासाठीं? मुंबईंत १९०७ सालीं विजेची ट्रॅम सुरू झाली व ३१ मार्च १९६४ रोजीं ती कायमची बंद पडली. १९३७ पासून धांवणाऱ्या दुमजली बसगाड्यांपैकीं शेवटच्या डिझेल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेल्या. त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या घेत आहेत. छायाचित्रें पुष्कळ निघतात, हें खरें. परंतु ज्या दृश्याकडे दोन तास टक लावून पाहिलें, तें मनांत जसें ठसतें तसें क्षणांत टिपलेलें ठसत नाहीं.

आपल्या घरांतील कितीतरी मुलेंमुली एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठीं हौसेनें रंगपेटी घेतात. परीक्षा संपली कीं ती माळ्यावर जाते, आणि पुढें अभ्यासाच्या धाकानें तिची आठवणही कोणी काढूं देत नाहीं. दिवाळीच्या सुटींत ती खालीं काढावी. ज्यांनीं शाळकरी वयांत ट्रॅमचा प्रवास केला, त्या आजोबा-आजींनीं आज सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्यापैकीं कोणी नातवंडांसोबत जावें, आणि हात चालत असतां ट्रॅमचे रूळ कोठून कसे वळत होते तें सांगावें. चित्राच्या मागें तारीख, वेळ व जागा लिहून ठेवण्यास मात्र विसरूं नये.