जिवंत डिस्चार्ज मिळाला? मग चौकशी करा

हॉस्पिटल चांगलं की वाईट हे ठरवायला आपल्याकडे एक सरळ कसोटी असते: माणूस बरा होऊन घरी आला का? आता अशी एक सेवा डोळ्यांसमोर आणा, जिथे बहुतेक पेशंट दगावतात, ते दगावणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही ती सेवा उत्तम असू शकते. त्याहून गंमत म्हणजे, तिथून फार लोक जिवंत बाहेर पडायला लागले, तर सरकारी हिशेबनीस फायली उघडून बसतात!

ही सेवा म्हणजे हॉस्पिस. आजार हटवायची धडपड आता पुरे, असं ठरल्यावर उरलेले दिवस सुसह्य करणारी मंडळी. अमेरिकेत ती बहुधा पेशंटच्या घरीच येतात: नर्स, डॉक्टर, समाजसेविका, अंघोळ घालणारी मदतनीस, हवा असल्यास धर्मोपदेशक. वेदना, धाप, मळमळ, भीती यांच्याशी त्यांची झुंज अगदी शेवटच्या श्वासापर्यंत चालू असते.

पण या कामाला मार्क कसे द्यायचे? ज्याला सेवा मिळाली तो सांगायला मागे राहत नाही. घरच्यांकडे तुलना करायला दुसरा अनुभव नसतो. आई एकदाच जाते. आणि शेवट तर सगळ्यांचा सारखाच. मग चांगलं मरण आणि वाईट मरण यांतला फरक आकड्यांत पकडायचा तरी कसा?

पकडता येतो. त्याची सुरुवात झाली औषधाच्या वेळापत्रकापासून.

1950च्या आसपास कॅन्सरच्या असह्य वेदनांवर मॉर्फिन देत, पण पेशंट कळवळून मागेल तेव्हा. सिसिली सॉन्डर्स ही इंग्लंडमधली नर्स लंडनच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये रात्रीच्या स्वयंसेवेला जाई. तिथे तिला वेगळंच दिसलं. दर चार तासांनी, घड्याळ बघून, वेदना परतायच्या आत औषध दिलं जात होतं आणि पेशंट शांत होते, जागे होते, बोलत होते. समईत तेल घालायला वात फडफडायची वाट आजी बघत नसे, तसंच हे. डॉक्टर झाल्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही हे कळल्यावर बाई डॉक्टरकी शिकल्या, 1957 मध्ये पदवी घेतली आणि पूर्व लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये नोंदी ठेवत सुटल्या. एक-दोन नव्हे, हजारांवर पेशंटांच्या. 1967 मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस उघडलं आणि आधुनिक हॉस्पिसची चळवळ उभी राहिली. म्हणजे बघा, करुणेचं काम म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याच्या मुळाशी चिकाटीनं भरलेली नोंदवही आहे.

आज ती नोंदवही कशी दिसते? कॅनडातल्या एडमंटन इथे 1991 मध्ये एक तक्ता निघाला. वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, धाप, उदासी, चिंता आणि एकंदर बरं वाटणं. प्रत्येकाला पेशंटनं स्वतः शून्य ते दहा आकडा द्यायचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा तक्ता आणखी धीट आहे. गेल्या तीन दिवसांत तुमच्या मनाला समाधान होतं का? घरच्यांना तुमची काळजी वाटत होती का? पैशांचे, कागदपत्रांचे, घरगुती प्रश्न मार्गी लागले का? मृत्युपत्र अर्धवट असलेल्या माणसाला झोप येत नाही हे आपल्याला माहीत असतं. इथे ते औषधाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात.

ठीक आहे, पण ज्याला बोलताच येत नाही त्याचं काय? स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या पायरीवरच्या आजोबांना 'दहापैकी किती दुखतंय?' असं विचारून काय हाती लागणार?

इथे मला या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना भेटली. 2003 मध्ये अमेरिकेत अशा पेशंटांसाठी पाच ओळींची मोजपट्टी छापून आली. नर्सनं काही मिनिटं फक्त बघायचं. श्वास सहज चाललाय, मधूनच जड होतोय, की घरघरतोय? कण्हणं आहे का? कपाळावर आठ्या आहेत की चेहरा वेदनेनं पिळवटलाय? अंग सैल आहे, की मुठी आवळून गुडघे पोटाशी घेतलेत? प्रत्येक ओळीला शून्य, एक किंवा दोन. आणि पाचवी ओळ: हात हातात घेतला, हळू आवाजात बोललं, तर माणूस शांत होतो का? सांत्वनाची गरजच नसेल तर शून्य. स्पर्शानं किंवा आवाजानं शांत झाला तर एक. कशानंच होत नसेल तर दोन. थांबा आणि विचार करा! थोपटण्याचा परिणाम इथे मोजमापाचा भाग झाला आहे, रक्तदाबाच्या शेजारी लिहिण्याजोगा. थोपटूनही तळमळ थांबत नसेल, तर दुखणं खोल असल्याची ती खूण.

आता जरा खाली उतरू. अगदी खाली. चांगल्या हॉस्पिसची एक खात्रीची खूण पोटात असते.

मॉर्फिननं सुरुवातीला मळमळतं, गुंगी येते. काही दिवसांत शरीर त्याला सरावतं. बद्धकोष्ठाला मात्र ते सरावत नाही. आतड्यांची हालचाल मंदावते ती मंदच राहते, आणि आठवडाभर पोट साफ न झालेल्या पेशंटची तगमग कॅन्सरच्या दुखण्याशी स्पर्धा करते. शहाणा डॉक्टर मॉर्फिनच्या चिठ्ठीवरच पोट साफ होण्याचं औषधही लिहितो. म्हणूनच अमेरिकेच्या सरकारनं ठरवलेल्या निकषांत, पेशंटच्या धार्मिक श्रद्धा विचारल्या का, या निकषाच्या बरोबरीनं हा निकषही आला: मॉर्फिनसारखं औषध सुरू केलं, तेव्हा पोटाची काळजी घेतली का? आत्मा आणि आतडी एकाच यादीत! मला तर ही यादी करणाऱ्यांबद्दल एकदम आदर वाटला.

पण नर्सनं भरलेल्या कागदावर कितपत विसंबायचं? दुसरा साक्षीदार हवा. तो म्हणजे घरचं माणूस.

2015 पासून अमेरिकेतल्या हॉस्पिसमध्ये मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना एक प्रश्नावली जाते. लगेच नाही, दोनेक महिने जाऊ देतात. फार लवकर विचारलं तर दुःख ओलं, फार उशिरा विचारलं तर तपशील पुसलेले. भरती होऊन 48 तासांच्या आत पेशंट गेला असेल तर विचारतच नाहीत, कारण तेवढ्यात हॉस्पिसला काही करून दाखवायला वेळच कुठे मिळाला? प्रश्न साधे आहेत. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी मदत मागितलीत, तेव्हा वेळेवर मिळाली का? माणसं कधी येणार हे आधी कळवत होते का? पेशंटची काळजी कशी घ्यायची, हे तुम्हाला शिकवलं होतं का?

उत्तरं आल्यावर खरी करामत सुरू होते. नवऱ्याचं मत आणि लेकीचं मत यांत फरक पडतो. वय, शिक्षण, आजार, किती दिवस सेवा मिळाली, उत्तर यायला किती उशीर झाला, सगळ्याचा परिणाम होतो. संख्याशास्त्रज्ञ हे सारं हिशेबात घेऊन गुण जुळवतात, म्हणजे तक्रारखोर मुलगे ज्याच्या वाट्याला जास्त आले, त्या हॉस्पिसवर अन्याय नको. (तक्रारखोर मुलगे हा शब्द माझा, त्यांचा नव्हे.)

आणि तिसरा साक्षीदार? त्याला ना दुःख होतं, ना तो भिडेखातर खोटं बोलतो. तो आहे बिलांचा गठ्ठा.

मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांची सरकारी विमायोजना. दोन डॉक्टरांनी 'आजार आपल्या गतीनं गेला तर सहा महिने किंवा कमी' असं लिहून दिलं, की ती हॉस्पिसचा खर्च उचलते आणि पैसे दिवसाप्रमाणे मोजते. नर्स आली काय, न आली काय, घरच्या साध्या सेवेचा त्या दिवसाचा दर मिळतोच. इथेच मोहाचं दार उघडतं. फारसे आजारी नसलेले लोक भरती करा, कमी भेटी द्या, दिवस मोजत राहा! 2022 मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी लॉस एंजेलिसकडे बोट दाखवलं. तिथे एकाच इमारतीच्या पत्त्यावर हॉस्पिस आणि घरसेवा मिळून शंभराहून अधिक परवानाधारक संस्था नोंदलेल्या होत्या. एवढ्या खुर्च्या तरी त्या इमारतीत मावल्या असत्या का?

मग बिलांनाच बोलतं करायचं ठरलं. बिलांतून काढलेले दहा निर्देशांक, प्रत्येकी एक गुण. दोन नर्स-भेटींमध्ये सात दिवसांहून मोठी खिंडारं पडतात का? शनिवार-रविवारी नर्स किती मिनिटं येते? वेदनेला काही सुट्टी नसते, त्यामुळे हा आकडा हॉस्पिसचं पितळ उघडं पाडतो. आणि मग येतो तो जिवंत डिस्चार्ज. पहिल्या सात दिवसांतच बरेच लोक सोडून जात असतील, तर नीट न समजावता भरती केली असावी. 180 दिवसांनंतर बरेच जण सोडले जात असतील, तर ते मुळात मरणपंथाला लागलेलेच नव्हते, अशी शंका येते. सर्वांत कडू जोडी वेगळीच आहे: हॉस्पिसमधून नाव कटलं, पेशंट हॉस्पिटलात गेला आणि तिथेच दगावला, नाहीतर पुन्हा हॉस्पिसच्या दारात आला. अखेरच्या दिवसांत माणसाची अशी फरपट, आणि तिचा माग चक्क बिलांच्या तारखांवरून लागतो. अर्थात काही जण खरोखरच सुधारतात, काहींचं मन बदलतं, काही मुलीकडे दुसऱ्या गावी जातात. त्यामुळे एखाद-दुसऱ्या डिस्चार्जला कोणी हरकत घेत नाही. देशातल्या इतरांच्या मानानं प्रमाण फारच वर गेलं तरच गुण जातो.

याच बिलांतून आणखी एक आकडा काढून जाहीर करतात. आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका समक्ष आली होती, असे पेशंट किती? फोन चालत नाही, समक्षच. श्वास बदलतो, हातपाय गार पडतात, घशात घरघर सुरू होते, तेव्हा घरच्यांना 'हे असंच होतं, त्यांना त्रास होत नाहीये' असं सांगणारं कुणीतरी लागतं. हॉस्पिस निवडताना मला एकच आकडा बघायची मुभा असती, तर मी हाच पाहिला असता.

ऑस्ट्रेलियानं तर मोजण्याची दिशाच वळवली. तिथे 2005 पासून चाललेल्या उपक्रमात पेशंटची अवस्था चार नावांनी नोंदवतात: स्थिर, अस्थिर, ढासळती, अंतिम. अचानक नवी वेदना उठली, घरात काही आक्रीत घडलं, ठरलेली योजना कोसळली, की तो अस्थिर. तिथून घड्याळ सुरू. तीन दिवसांच्या आत त्याला त्या अवस्थेतून बाहेर काढायचं, आणि असं शंभरांतल्या नव्वद वेळा तरी जमायला हवं. किती सूज्ञपणा आहे पाहा! संकट येणं कुणाच्याच हातात नाही, म्हणून त्याचा दोष लावत नाहीत. संकटानंतर तुम्ही किती चपळाईनं उठलात, एवढंच विचारतात. मग सगळ्या संस्थांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून चर्चा करतात.

मोजण्याची नशा चढली की काय होतं, हेही इंग्लंडनं पाहिलंय. लिव्हरपूलमध्ये 1990च्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत घडली. हॉस्पिसमधली उत्तम शुश्रूषा साध्या हॉस्पिटलांतही पोचावी म्हणून शेवटच्या दिवसांत काय-काय करायचं याची मार्गदर्शक मांडणी त्यात होती. हेतू निर्मळ. पण कामाच्या रेट्यात काही वॉर्डांत ती चौकोनांत बरोबरच्या खुणा करण्याची फॉर्मबाजी झाली. नातेवाइकांना न सांगता पेशंटला त्या पद्धतीखाली आणल्याच्या तक्रारी आल्या. 2013 मध्ये बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या चौकशीनं ती मोडीत काढायला सांगितलं. नीट वापरली तिथे माणसं शांतपणे गेली, हेही त्याच अहवालात आहे. कागद तोच, फरक नुसता हातांचा.

आणि आपल्याकडे? मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन उघडलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे. अमेरिकेसारखे दहापैकी गुण इथे झळकत नाहीत. पण भारतीय डॉक्टरांनी आपल्या परिस्थितीला धरून किमान निकषांची एक यादी केली आहे, आणि तिच्यात पोटात घ्यायच्या मॉर्फिनचा अखंड पुरवठा ही अत्यावश्यक गोष्ट मानली आहे. अखंड, हा शब्द महत्त्वाचा. ज्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, त्याच देशात 1985च्या अमली पदार्थ कायद्यामुळे पेशंटपर्यंत मॉर्फिन पोचणं दुरापास्त झालं होतं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट थोडी मोकळी झाली.

तेव्हा कुणासाठी अशी सेवा शोधायची वेळ आलीच, तर भिंतींचा रंग आणि बाग बाजूला ठेवून विचारा: मॉर्फिनचा साठा गेल्या वर्षात कधी संपला होता का? त्याच्याबरोबर पोटासाठी काय देता? वेदना कुठे आणि किती वेळा लिहून ठेवता, ती वही दाखवाल का? शेवटच्या दिवसांत घरी कोण येईल? आणि त्यांनी दिलेल्या तातडीच्या नंबरवर, नाव नोंदवायच्या आधीच, एका शनिवारी रात्री फोन लावून पाहा. कोण उचलतं, किती वेळानं उचलतं, आणि उचलल्यावर आधी पैशांचं विचारतं की पेशंटचं.