ताग की धैंचा? आधी जमिनीला विचारा

महिनाभराचा ताग खुरप्याने माती सैल करून अलगद उपटावा. हिसका दिला तर मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. एखादी गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतलं हे द्रव्य आहे. ते ऑक्सिजनला आवर घालतं, म्हणून रायझोबियम जिवाणूंना हवेतला नत्र पकडता येतो. गाठ आतून पांढरी निघाली, तर ती नत्राचं काम करत नाही असं समजावं. पुढच्या वेळी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळून घ्यावं.

हिरवळीचं खत म्हटलं की आपल्याकडे ताग, म्हणजेच बोरू, डोळे मिटून पेरला जातो. पण त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून ज्या जमिनी सोडियम साचून चोपण झाल्या, तिथे धैंचाच हवा. तो पाण्यात पाय रोवून उभा राहतो. गाडल्यावर कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचं सौम्य आम्ल मातीतली चुनखडी विरघळवतं आणि मोकळं झालेलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावून लावतं. अर्थात हा सोडियम वाहून न्यायला चर काढलेले नसतील, तर सगळी मेहनत वाया.

सोलापूरकडचा प्रश्न वेगळा, तिथे ओलीचा हिशेब आधी. रब्बी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावरच येते. तिथे सप्टेंबरभर ताग उभा ठेवला, तर तो ज्वारीच्याच तोंडचं पाणी पितो. माझ्या मते तिथे लवकर निघणारा मूग किंवा उडीद घ्यावा. शेंगा घरात, पाला मातीत.

टोमॅटोच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येत असतील, तर मात्र हिरवळीसाठी चवळी टाळावी. ती या कृमींना पोसते. ताग त्यांना रोखतो.

पीक निवडलं, तरी गाडायची वेळ चुकवून चालत नाही. पेरणीनंतर साधारण 45-50 दिवसांनी, फुलं दिसू लागताच, ताग मोडून पाहावा. कट्‌कन मोडला तर गाडावा. साल सुतळीसारखी लोंबत राहिली तर तो जून झाला. असा ताग कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. तेव्हा बारीक तुकडे करून गाडावा, ओल राखावी आणि पेरणी लांबवावी.